चुलीमागची भिंत

मिरोस्लाव,

आईचा एक पाय दोराच्या आत होता, एक बाहेर, आणि मी तिचं कोपर धरून उभा होतो, तेव्हा मला तुझी आठवण झाली. (चांगली नव्हे.)

तर थोरल्या बंधूंना नमस्कार. गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवते का? विचारायची रीत आहे म्हणून विचारतो.

आपल्या आजोबांचं घर तू त्या वसाहतकारांच्या गावाला, म्हणजे त्या उघड्यावरच्या संग्रहालयाला, दान दिलंस. कागदपत्रं थोरल्याने बघायची, म्हणून सही तुझी. त्यांनी ते ओंडकाओंडका सोडवून नेलं आणि एडमंटनच्या बाहेर जसंच्या तसं उभं केलं, असं तू कळवलंस. आज दुपारी तुझी भावजय ओल्गा आणि मी आईला ते दाखवायला घेऊन गेलो. सकाळपासून ती ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून बसली होती. फाटकापाशी एका लोहाराने आमचे बैल कुठे बांधले म्हणून विचारलं. ओल्गाने पार्किंगकडे बोट दाखवलं. (तिथली माणसं जुन्या काळचं सोंग सोडत नाहीत. त्यांना तशी ताकीद आहे.)

घर ओळखू आलं. छपराचा उतार तोच, खिडक्या त्याच. दारावर पाटी : १९२९, म्हणजे घर त्या साली जसं होतं तसं मांडलंय. त्या वर्षी आई अकरा वर्षांची होती. ती आत डोकावली. भिंती काळ्याकुट्ट, मिरोस्लाव. चुलीमागची तर तव्याच्या पाठीसारखी. चुलीशी पन्नाशीची एक बाई बसली होती. तिने आपलं नाव पारास्का सांगितलं.

आईने दारात बांधलेला दोर ओलांडला तो तेव्हा.

"मावशी, आत नाही यायचं," पारास्का म्हणाली. "पाहुण्यांनी दारातूनच बघायचं."

"पाहुणी तू. मी त्या कोपऱ्यात जन्मले."

"असेल, असेल. मायदेशच्या बोटीतून उतरून फार दिवस झाले नाहीत वाटतं?"

आईने भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते पारास्काच्या नाकासमोर धरलं. "हे कोणी केलं?"

"धूर हो, मावशी. आम्ही गरीब माणसं."

"गरीब होतो. घाणेरडे नव्हतो. ईस्टरच्या आधी माझी आई चारी भिंतींना चुना द्यायची, त्यात चिमूटभर नीळ. ज्या घरची भिंत काळी, त्या घरी कोणी मुलगी देत नव्हतं. आणि तू माझ्या आईच्या चुलीशी बसून जगाला हे दाखवतेस?"

मी म्हटलं, व्यवस्थापकांना फोन करा. पारास्काने विचारलं, फोन म्हणजे काय? मी तिला काय म्हणालो ते लिहीत नाही. (ओल्गा हे पत्र वाचणार आहे.)

व्यवस्थापक स्वतःच आले. चष्मा, हातात फाइल. म्हणाले, ती काजळी खरी नाही. ती रंगवलेली आहे, शहरातून रंगारी आणून, तीन दिवस खपून. पहिल्या वर्षी घर पांढरं ठेवलं होतं, तर लोक विचारायचे, हे हॉटेल आहे का? मग त्यांनी दात्याकडे प्रश्नावली पाठवली. फाइलमधून ती माझ्यापुढे धरली. "भिंतींचा रंग?" याच्यापुढे तुझ्या वळणदार अक्षरात : "काळा."

काळा! अरे, तुझा जन्म झाला तेव्हा सगळे नव्या घरात राहायला गेले होते. जुन्या घरात बाबा सॉसेज धुरात टांगून टिकवायचे. तू पाहिलंस ते डुकराच्या मांसाचं धुराडं होतं, माणसाचं घर नव्हतं. जी भिंत आजीने गुडघे टेकून वीस वर्षं सारवली, तिच्यावर तू एका शब्दात काजळी फासलीस. शाळेच्या मुलांना रांगेने आणून दाखवतात, बघा, हे असे राहायचे. परत येताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "बरं झालं, आई गेली." तेव्हापासून ती जेवलेली नाही.

तुझा,
ओरेस्ट

ता.क. ओल्गा म्हणते, सगळं लिही. प्रश्नावली आली तेव्हा तू मला फोन केला होतास. भिंती कशा होत्या रे, म्हणून. हॉकीचा सामना चालू होता. मी म्हटलं, काळ्या, काळ्या, लिहून टाक. तरी थोरला तू आहेस. विचारायचं आईला, मला नव्हे. व्यवस्थापक म्हणतात, दात्याने लेखी दिलं तरच रंग बदलता येईल. दोन ओळी लिही : भिंती पांढऱ्या होत्या. सही कर. नीळही लिही.

ता.क. २, सोमवार. आज सकाळी सहा वाजता आई चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन गाडीत बसली. सोमवारी गाव बंद असतं. पारास्काने फाटक उघडलं. व्यवस्थापक येईपर्यंत चुलीमागची भिंत झाली होती. तीन राहिल्यात.