भिंतीलगतची भेंडी आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या बाया

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, पनवेल.

विषय : नावडे येथे भंगार गोदामाच्या भिंतीलगत होऊ घातलेले खोदकाम आजच्या आज थांबवणेबाबत.
संदर्भ : आज सकाळी आपल्या कार्यालयास केलेला दूरध्वनी.

महोदय,

१. अर्जदार सुनयना ही नावडे वसाहतीत राहते. तिच्या सासूबाई रंगूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. मातीत हात घातल्याशिवाय त्यांना करमत नाही, म्हणून घरामागच्या मोकळ्या पट्टीत, गोदामाच्या भिंतीला लागून, त्या भेंडी, मेथी, पालक लावत आल्या आहेत.

२. गेली काही वर्षे भिंतीजवळची रोपे खुरटू लागली. पाने पिळवटलेली, भेंडीला फूल येई, फळ धरत नसे. जरा लांब तीच भेंडी कमरेएवढी. "बियाणंच खोटं हाय," म्हणून रंगूबाईंनी बियाणे बदलले, शेणखत घातले, लिंबू-मिरचीसुद्धा बांधली. उपयोग शून्य. जी पालेभाजी निघे ती घरातच शिजे.

३. शेजारची मैत्री ही मुलगी खारघरला वनस्पतिशास्त्र शिकते. तिने आपल्या प्राध्यापक राजलक्ष्मी मॅडमना आणले. त्यांचे किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र भिंतीपाशी जोरात टिकटिकू लागले. कारखान्यातले एखादे जुने मापकयंत्र, ज्यात किरणोत्सर्गी पदार्थाची बंद डबी असते, भंगारातून येऊन तिथे गाडले गेले असावे, असे त्या म्हणाल्या. किरणांचा थोडा थोडा मारा वर्षानुवर्षे झाला की झाडाची वाढ खुंटते, परागकण वांझ होतात. आतली डबी शाबूत असेल तोवर धोका तेवढ्या जागेपुरता. फुटली तर माती, धूळ, पाणी, सगळीकडे पसरेल.

४. हे कळताच गोदाममालकाने "टेन्शन नका घेऊ, सगळं साफ करून टाकतो," म्हणत आज जेसीबी आणला. रंगूबाई धावत जाऊन भिंतीला पाठ लावून बसल्या. "म्या उठले की ह्ये खणत्याल!" मॅडमचे यंत्र सर्वांत जास्त वाजले होते ती नेमकी हीच जागा. अर्जदार गरोदर असल्याने तिला जवळ जायची मॅडमनी मनाई केलेली. ती लांबून हाका मारीत राहिली. सासूबाई हलेनात. अखेर मैत्री ओरडली, "आजी, जेसीबीला यायला गल्ली एकच आहे. तिच्या तोंडाशी बसू, चला!" तेव्हा कुठे त्या उठल्या.

५. आता वसाहतीतल्या बाया गल्ली अडवून बसल्या आहेत. मालक माणसे आणायला गेला आहे. तरी तो परतण्यापूर्वी जागा ताब्यात घेऊन जाणकारांकडून ती वस्तू काढून घ्यावी, ही विनंती.

६. आणखी एक. ती भाजी रंगूबाईंनी सुनेला आपल्या हाताने वाढली आहे. त्या सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. ती भाजी खाण्याजोगी होती की नव्हती, हे तपासून कोणीतरी त्यांना समक्ष येऊन सांगावे. त्यांना वाचता येत नाही, आणि उत्तर वाईट निघाले तर ते वाचून दाखवणे अर्जदारास जमणार नाही.

आपल्या कार्यालयाच्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून,
सुनयना रणजीत जगदाळे
नावडे, दिनांक : आजचाच

सोबत : रोपांची छायाचित्रे. (रोपांना हात लावू नये असे मॅडमनी सांगितल्याने प्रत्यक्ष रोपे आणलेली नाहीत.)