द्राक्षं पिळली त्या रविवारी

अकोला
सोमवार, सकाळ

प्रिय दामिनी,

आज मी रजा टाकली आहे. प्रयोगशाळेत फोन करून बरं वाटत नाही असं सांगणार होते, पण ते खोटं झालं असतं, कारण इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलेलं नाही. म्हणून साहेबांना नुसतं घरचं काम आहे म्हणाले. हे पत्र घरचंच काम आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच ‘ताई, जेवलीस का?’ असं विचारतेस आणि मी हो म्हणून विषय सोडून देते. आजवर चार वेळा तसंच झालं आहे. कागद मला मधे काही विचारणार नाही.

तर बातमी आधी. काल मी प्रभुभोजन घेतलं, तो पोळीचा चौकोन आणि तो रसाचा घोट! तू म्हणशील, यात कसली आली बातमी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळेच घेतात. सगळे घेतात, दामिनी. मी घेत नव्हते. अकरा वर्षं झाली. हे बाबांना कळलं नाही, पाळकांना नाही, तुलाही नाही. मी अपात्र आहे असं मला वाटायचं. उगीच नव्हे, त्याला कारण होतं. मी एक गोष्ट केली होती, ती तुझ्या बाबतीत होती, आणि हे पत्र संपायच्या आत मी ती तुला सांगणार आहे. त्यानंतर तू मला ताई म्हणशील की नाही हे मला माहीत नाही. काल दुपारपासून भीती वाटते आहे ती त्याचमुळे. पण आनंदही तेवढाच आहे, आणि दोन्ही एकदम कसं होऊ शकतं हे मला अजून कळलेलं नाही.

मी घेत नव्हते हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, तेही सांगते. प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडेच होती ना! शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी त्या उकळून मलमलच्या कापडातून दोनदा गाळायच्या, मैद्याची बिनखमिराची पोळी लाटून तिचे नखाएवढे चौकोन कापायचे, एकशेवीस छोटे ग्लास उकळत्या पाण्यातून काढून पालथे घालायचे. एखादा चौकोन वाकडा कापला गेला तर तो मी बाजूला काढत असे. मातीचे नमुने तपासताना जशी ग्रॅमच्या शंभराव्या भागाची काळजी घेते, तशीच. मग रविवारी सगळं नीट चाललंय ना हे पाहायला दाराजवळ उभी राहायची. तबक माझ्यापर्यंत येईस्तोवर गाणं सुरू झालेलं असे आणि मी ते तसंच आत नेऊन ठेवत असे. लोक म्हणायचे, हर्षाताईंसारखी सेवा कुणी करत नाही. ते ऐकून घरी आले की मी डायरीत लिहायची: आजही कौतुक ऐकून घेतलं, काही बोलले नाही.

आता ऐक काय झालं. शनिवारी आमच्या प्रयोगशाळेतल्या महादेवरावांचा निवृत्तीचा कार्यक्रम होता. पाणीपुरीचं पाणी माझ्याकडे होतं. चिंच-गुळाचं, लाल तिखट घातलेलं, आणि तुझी ताई ते गाळल्याशिवाय कसं राहील? ही बाटली आणि मनुकांच्या रसाची बाटली सारखी, दोन्हींतला रंग सारखा. उरलेलं पाणी मी फ्रिजमध्ये ठेवलं, मनुकांच्या रसाशेजारी. सकाळी एक बाटली उचलली, चर्चमध्ये गेले, एकशेवीस ग्लास भरले; गार होतं तोवर वास आला नाही. आपल्याकडे पाळक आधी स्वतः घेतात आणि मग लोकांना देतात, हे किती बरं आहे ते मला काल कळलं. आमचे नवे पाळक, पास्टर नितेश, पस्तिशीचे असतील. त्यांनी प्रार्थना केली, डोळे मिटले, ग्लास तोंडाला लावला आणि त्यांना असा ठसका लागला की पहिल्या बाकावरचे खुशालराव पाणी आणायला उठले. पास्टरनी डोळे पुसले, ग्लासात पाहिलं, मग दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मला तिथून वास आला. चिंचेचा, जिऱ्याचा. मला कळलं.

दामिनी, अकरा वर्षं मी याच क्षणाला भीत होते. उघडं पडण्याला. आणि उघडी पडले तीही कशाने, पाणीपुरीने! मी पुढे धावले, तबक उचलायला गेले, तर हातातून दोन ग्लास सांडून मेजावरच्या शुभ्र चादरीवर डाग पडला. तेवढ्यात मागून इंदूबाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज तुला ठाऊकच आहे, चर्चात बोलल्या तरी बाजारात बोलल्यासारखा. “साहेब, गाणं लावा तुमी, दोन गाणे म्हना. बाहेर गाड्यावर काळे द्राक्षं हायेत, मी आत्ता घेऊन येतो.” आणि त्या सत्तर वर्षांच्या बाई चप्पल न घालता रस्त्यावर गेल्यासुद्धा. पाच मिनिटांत ओच्यात द्राक्षं घेऊन परत! चर्चच्या कोठीत हर्रासीच्या लिलावाला जमावं तशा चारपाच बाया जमल्या, एकीने पातेलं धरलं, एकीने धुऊन दिली, आणि इंदूबाईंनी मुठींनी ती द्राक्षं पिळायला सुरुवात केली. बिया, साली, सगळं त्यात. मी मलमलचं कापड शोधत होते तर म्हणाल्या, “राहू दे वं तुहं कापड. देवाले बी माहीत हाये द्राक्षाले बी असते.” बाया इतक्या हसल्या की बाहेरचं गाणं थांबलं.

मी ग्लास धुवायला लागले तर पास्टर कोठीच्या दारात आले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “ताई, तुम्ही बाहेर जाऊन बसा. आज तुम्हाला काही करायचं नाही.” मी म्हटलं, चादर तरी बदलते. ते म्हणाले, “डाग राहू द्या. बसा तुम्ही.” रागाने नव्हे, आपण लहान मुलाला बस म्हणतो तसं. मग मी बसले. पाचव्या बाकावर, भिंतीकडे, जिथे आपण दोघी आईच्या दोन बाजूंना बसायचो. माझ्या हातात काही नव्हतं. ना तबक, ना रुमाल, ना यादी. मी काल कामाचं काहीच आणलेलं नव्हतं, आणलं होतं ते सगळं बिघडवलं होतं. आणि तेवढ्यात तबक आलं, ते घेऊन इंदूबाईच आल्या. मी नेहमीसारखं पुढे सरकवायला हात केला, तर त्या हलेचनात. कोपर मारून हळूच म्हणाल्या, “घे ना वं. थांबून काहून राहिली?”

आणि मी घेतलं. खरंच सांगते, निर्णय असा केलाच नाही. अपात्र असल्याची जी सगळी कारणं मी पाठ करून ठेवली होती ती तिथेच होती, एकही कमी झालेली नव्हती, आणि तरी तबक माझ्यासमोर थांबलेलं होतं. रसात एक बी होती. ती मी चावली.

कृपेने नीतिमान ठरणं म्हणजे काय हे मी संडेस्कूलमध्ये वीस वर्षं शिकवलं आहे. फळ्यावर चित्र काढून शिकवलं आहे: एका माणसाचे मळके कपडे, आणि दुसरा कुणी त्याच्या अंगावर आपला स्वच्छ अंगरखा घालतो. मुलं ते वहीत रंगवायची. मी मात्र घरी येऊन स्वतःचे मळके कपडे घासत बसायची. ती मनुकांची तयारी, ते सरळ चौकोन, ते सगळं घासणंच होतं. मला वाटायचं, महिन्याचे असे दोनशे पहिले रविवार सेवा केली, तर एखाद्या रविवारी मला आतून कळेल की आता पुरे, आता तू बस. ते कधीच कळलं नसतं, दामिनी. मी मेले असते तरी कळलं नसतं. अंगरखा तर आधीच दिलेला होता!

आता मला नको त्या शंका काढायची सवय, म्हणून काल घरी आल्यावर काढल्याच. पहिली शंका, की हा नुसता भावनेचा भर असेल का? आज सकाळी उठून पुन्हा तपासलं, आनंद जागेवर आहे. दुसरी शंका मोठी होती. ज्याचा आपण अपराध केला आहे त्याच्याशी आधी समेट करावा आणि मग वेदीजवळ यावं, असं आपल्याला शिकवलेलं आहे. म्हणजे मी आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. माझा क्रम उलटा झाला. यावर मी दोन तास विचार केला आणि मला एवढंच कळलं, की अकरा वर्षं सरळ क्रमाने जमलं नाही. आधी स्वच्छ होऊ आणि मग घेऊ, म्हणून मी ना स्वच्छ झाले ना घेतलं. काल घेतलं, आणि संध्याकाळी चारला माझे पाय आपोआप इंदूबाईंच्या घरी गेले.

त्यांच्याकडे का, ते तुला कळायला तुझ्या लग्नाकडे जावं लागेल. तुला आठवतं, धम्मदीप म्हणाला होता, “तुमच्या चर्चमधे लग्न करायचं तं करू ना, मले काय अडचन हाये? मी बुद्धाचा हाये, तुमच्या देवानं मले हाकललं नाही तं झालं.” बाबांना तो तेवढ्यावरच आवडला होता. तेव्हाच्या पाळकांनीही होकार दिला. रिवाजाप्रमाणे तीन रविवार उपासनेत तुमच्या नावांची पुकार व्हायची होती, कुणाला हरकत असल्यास कळवा म्हणून. दोन झाल्या. तिसऱ्या रविवारी दानपेटीत बिनसहीची चिठ्ठी निघाली. वधूचा विश्वास डळमळीत आहे, हे लग्न मंडळीत लावल्यास वाईट पायंडा पडेल, असं काहीतरी. कमिटी घाबरली आणि चर्चने दार लावून घेतलं. तुम्ही अमरावतीला रजिस्टर लग्न केलंत, तीन साक्षीदारांत एक मी होते, आणि बाहेर आल्यावर राजकमल चौकात तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, ‘ताई, तू एकटीच माझ्या बाजूने उभी राहिलीस.’ तेव्हापासून दर वाढदिवसाला तू मला तेच लिहितेस.

चिठ्ठी इंदूबाईंची, असं सगळ्यांनी ठरवलं. त्या तोंडाने फटकळ, त्यांनी अंगणात मोठ्याने म्हटलंही होतं की पोरीनं आपल्यातला पाहिला असता तर बरं झालं असतं. त्यांना लिहिता येत नाही, तर कुणाकडून लिहून घेतली असेल, एवढंच. तू त्यांच्याशी बोलणं सोडलंस, आणि चर्चही. बाबांच्या अंत्यविधीला त्या शवपेटीला हात लावायला पुढे आल्या, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘तुम्ही माझ्या बाबांना शिवू नका.’ त्या मागे सरकल्या. मी तुझ्या शेजारी उभी होते. माझा हात तुझ्या खांद्यावर होता.

काल मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि जे सांगायचं ते सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. निवडायच्या थांबल्याही नाहीत. म्हणाल्या, “मले मालूम होतं.” मी म्हटलं, काय मालूम होतं? “शनिवारी मी बाकडे पुसून राह्यली होती. तू आली, पेटीत चिठ्ठी टाकली, निंघून गेली. तुले मी दिसली नाही.” मी विचारलं, मग बोलल्या का नाही, अकरा वर्षं? दामिनी, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच काहीतरी खुळं विचारते आहे. “बोलून काय करू? तुह्या बाबाची, देवमन मास्तरची, एक पोरगी चर्चातून गेलतीच. दुसरी बी घालवू? माह्यं काय, मले लोकं तसेबी बोलतात.” आणि मेथीची जुडी माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, “निवड.”

ती चिठ्ठी मी लिहिली, दामिनी. डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. मंडळीच्या भल्यासाठी लिहिते आहे असं मी तेव्हा डायरीत नोंदवलं होतं, आणि ते खोटं होतं. माझं ठरलेलं लग्न मोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान बहीण त्याच चर्चमधून पांढऱ्या साडीत चालत जाणार हे मला बघवलं नाही. एवढंच खरं आहे, याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. तू चिडशील, आणि तुझा तो हक्क आहे. तुझ्या लेकीला, पिंकीला, माझ्याबद्दल काय सांगायचं तेही तूच ठरव. तुझी माफी मिळवायला मी आता काही करून दाखवणार नाही. मिळाली तर घेईन, नाही मिळाली तर वाट पाहीन, आणि पाहता पाहता इकडे मंडळीसमोर उभी राहून हेच पुन्हा सांगेन, पास्टरना तसं बोलले आहे. पण हे पत्र मी माझ्यासाठी लिहिलेलं नाही. माझ्या जागी तू एका निरपराध बाईवर अकरा वर्षं रागावली आहेस, आणि त्या आता सत्तरीत आहेत. मला फोन केला नाहीस तरी चालेल. इंदूबाईंना कर. नंबर पाठीमागे लिहिला आहे. सकाळी आठपर्यंत त्या घरी असतात, आणि त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्याने बोल.

जशी आहे तशी, तुझीच
हर्षाताई