देण्याच्या साड्या

आई, तुझ्या नातीचं लग्न ठरलंय. मुलगा ठाण्याचा, माणसं चांगली. म्हणून परवा जाऊबाईंबरोबर विठ्ठलवाडीला मानपानाच्या साड्या घ्यायला गेले. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "भाभी, पहननेवाली दिखाऊं या देनेवाली?" जाऊबाई म्हणाल्या, "देनेवाली." त्याने गठ्ठाच पुढ्यात टाकला. रंग भडक, हाताला प्लास्टिकच्या पिशवीसारख्या. मी म्हटलं, ही नेसणार कोण? तो हसला, "पहनने का थोडी है भाभी, देने का माल है!" जाऊबाईही हसल्या. मला मात्र शिसारी आली. माझ्याच कपाटात अशा कितीतरी साड्या घडी न मोडता पडल्यात. पुढच्या कार्यात मी त्या दुसरीला देणार, ती तिसरीला. नेसत कुणीच नाही, आणि नव्या निघताहेत त्या निघताहेतच.

काहीच न घेता बाहेर आलो तर समोर वालधुनी. नदी म्हणायची ती आपली सवय. पाणी जांभळं, वर पिवळा फेस, पदर तोंडाला लावला तरी वास घशात उतरत होता. पलीकडे त्याच पाण्यावर कुणी पालक लावलेला. "नाक काय दाबतेस गं," जाऊबाई म्हणाल्या, "कारखान्यांतून सोडलेला साड्यांचा रंग आहे तो, गटार नव्हे." म्हणजे आमच्याच मानपानाचा रंग! रोज पहिला तांब्या अंगावर घेताना मी नद्यांची नावं घेते. दुसऱ्या दिवशी जीभच उचलेना.

मला तुझं ठाण्याचं स्वयंपाकघर आठवत राहिलं. तू शेगडीपाशी बसली आहेस, मी नवा परकर मागतेय, आणि तू मान वर न करता विचारतेस, "फाटला, की कंटाळलीस?" तुझं विटलेलं लुगडं गोधडीत जायचं, उरलेल्याचं फडकं व्हायचं, शेवटी पोतेरं. टाकलेलं मी कधी पाहिलं नाही.

काल विहीणबाई आल्या. मी हात जोडून सांगितलं, साड्या देणार नाही, प्रत्येकीची ओटी तांदूळ-नारळाने मनापासून भरीन. त्यांचा चेहराच उतरला. "अहो, एकुलता एक मुलगा माझा. आमच्याकडच्या बायका मलाच टोमणे मारतील." मुलगी दाराआड उभी, डोळे भरलेले. आता हे लग्न इथेच मोडतंय असं वाटलं, आणि मी बोलून गेले, "आमच्या आईची शिकवण आहे. नेसण्याजोगं नसेल तर देऊच नये, म्हणायची ती." त्या म्हणाल्या, "आई म्हणायच्या का? मग राहू दे." गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

पण तू असं कधी म्हणाली नाहीस. माझ्या लग्नात तू स्वतः फाटलेलं जोडून दंड घातलेलं लुगडं नेसलीस आणि माझ्या सासरच्या एकूणएक बाईला साडी दिलीस. वर कानात सांगितलंस, "तुझ्या मुलीच्या वेळी हात आखडू नकोस हो." विहीणबाईंना मी तुझं नाव तेवढं सांगितलं, शब्द माझेच होते. हे पत्र कुठे पोचायचं नाही तेच बरं. पोचलं असतं, तर तू मला आधी त्या साड्या आणायला पिटाळलं असतंस.