मायच्या अंगठ्याचं माप

६ नोव्हेंबर, मोरबी

मायच्या पायाचा अंगठा कापावा लागेल कदाचित! बहिणीचा, भाविकाचा फोन होता. जळगावचे डॉक्टर म्हणाले — साखर आटोक्यात ठेवा, रोज ड्रेसिंग करा, महिनाभर बघू. ६ डिसेंबरला निकाल.

मी इकडे टाइल्सच्या भट्टीवर. नुसते हात जोडून बसलो.

७ नोव्हेंबर

खोलीवरचा सोबती भाईदास, पिंपळनेरचा. बारावी सायन्स — नापास, पण सायन्स! मला हात जोडताना बघून म्हणाला, "तुना देव किती मिलिमीटर जखम भरस, मोज ना एकदा!"

टोमणाच होता. पण डोक्यात बसला. सातवी पास माणसाने मोजू नये असं कुठे लिहिलंय?

८ नोव्हेंबर

ठरलं. एक आठवडा मुक्ताईपुढे मागायचं, एक आठवडा बिलकुल नाही. घरी सांगायचं नाही. भाविका रोज जखमेजवळ मोजपट्टी धरून फोटो पाठवेल. आज ३२ मिलिमीटर. तिला वाटतंय, काळजीने मागतोय. तेही खरंच.

भट्टीवर सुपरवायझर सांगतात — टाइल वाकडी निघाली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. उष्णता बदलली तर पट्ट्याच्या वेगाला हात लावायचा नाही. नाहीतर कशाने सुधारली, कळणार कसं? इथेही तसंच. गोळ्या, ड्रेसिंग, माझं सगळं — जसंच्या तसं. फक्त हात जोडणं बदलायचं.

१५ नोव्हेंबर

२९! मुक्ताई!

१८ नोव्हेंबर

होसूरच्या जुन्या मुकादमाचा फोन — ये, जागा आहे. पिशवी काढलीसुद्धा. दोन वर्षांत पाच गावं झाली, भरायला दहा मिनिटं लागतात मला.

मग परत खुंटीला लावली. मध्येच मी हललो तर दोन गोष्टी बदलतील. म्हणालो, ६ डिसेंबरनंतर बघू.

२२ नोव्हेंबर

आठवडाभर मागितलं नाही. एकदा सवयीने हात जोडले गेले, पटकन खिशात घातले. तरी २६. म्हणजे तेवढीच भरली!

भाईदास हसून हसून गादीवर पडला. "तुना देव सुटीवर शे, तरी काम चालू शे!"

वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं. जखम भरतेय ना, अजून काय पाहिजे?

२३ नोव्हेंबर

भाविकाला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तू एकटा थांबलास म्हणून काय झालं रे? आबांनी चहा सोडलाय. मोहिनीकाकू अनवाणी फिरतेय."

नवस कोणी तोंडाने सांगत नाही. सांगितला की वाया जातो, फिटल्यावरच बोलायचं. पण आबांनी चहा सोडला, हे काय लपतं?

म्हणजे माझा कोरा आठवडा कोरा नव्हताच! भाईदास डोकं खाजवत म्हणाला, मग ज्याच्यासाठी कोणीच काही मागत नाही असा रोगी शोध. आमच्या गावात तरी मिळायचा नाही.

२४ नोव्हेंबर

घरी फोन करून म्हणालो, सगळ्यांनी आठ दिवस थांबा. आबा भडकले — "तू आधी तुही भट्टी आठ दिवस बंद ठेव, मंग मले सांग!"

माय मागून हसत होती. "त्यांले थांबव. माहा नवस काही थांबत नाही, बापा."

"तुझाही पायासाठीच ना?"

"फिटू दे, मंग सांगीन."

३० नोव्हेंबर

२०. आता नुसतं मोजतोय. मागतोय पण.

६ डिसेंबर

अंगठा वाचला!!! १५ मिलिमीटर, आतून ताजं लालबुंद मांस. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घेतल्या, ड्रेसिंग चुकवलं नाही, म्हणून. आबांनी दवाखान्यासमोरच चहा घेतला — लागोपाठ दोन कप!

वही उघडून बसलो. भरलेल्या सतरा मिलिमीटरमधले देवाचे किती, औषधाचे किती? नाही वेगळे करता आले. भाईदासने शेवभाजी केली होती. चार भाकरी खाल्ल्या.

७ डिसेंबर

होसूरला कळवलं, दहा तारखेला निघतो. तिकीट काढलं.

९ डिसेंबर

मायने मुक्ताईला साडी नेसवली. नवस फिटला म्हणे. म्हटलं, अगं, जखम पूर्ण भरू तर दे!

"पायासाठी कोनं केला होता? तू एका जागी सहा महिने टिकावा, असा होता. आज झाले."

नऊ जूनला लागलो होतो इथे. बरोबर आहे. उद्या निघतोय हे सांगायला तोंड उघडलं, आणि विचारलं, साडी कुठल्या रंगाची नेसवली?