बिननावाची जौनपुरी

पिंपरी,
श्रावण, १९५७

प्रिय शालन,

तुझं पत्र येत नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले आहे. आपल्यात असं कधी झालं नव्हतं. तू मिरजेत, मी हे जातील तिथे, पण लग्नानंतर इतकी वर्षं आठवड्याला एक पाकीट इकडून आणि एक तिकडून, यात कधी खंड पडला नाही. बाळंतपणातसुद्धा आपण बिछान्यावर पडून रागांवर वाद घातले आहेत. आमच्या पोस्टमनलाही आता सवय झाली आहे. परवा तो फाटकाशी सायकल थांबवून, 'आज बी काय न्हाई, बाई,' असं इतक्या हळू आवाजात सांगून गेला की आमच्या घरात कुणी आजारी आहे असं शेजारच्यांना वाटलं असेल. एरवी मी हे तुला तिखटमीठ लावून कळवलं असतं. परवा मात्र मी नुसती दार लावून आत आले.

आधी इकडची खबरबात सांगते, म्हणजे हात सरावेल. कारखान्याच्या कॉलनीत रोज नवी बिऱ्हाडं येत आहेत. आमच्या भिंतीपलीकडे मद्रासकडचे एक केमिस्ट आले आहेत, यांच्याच प्रयोगशाळेत आहेत. त्यांची बायको दुपारी वीणा वाजवते. ती कल्याणी म्हणून जे वाजवते तो आपला यमनच आहे, पण ते तिला पटत नाही, आणि तिचं मला. तिला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, त्यामुळे भांडण फार वाढत नाही. निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधी बाई पापड घेऊन येते. ती टोपली उतरवताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणते, त्यात पिलूची वळणं आहेत. मी तिला दोनदा गायला सांगितलं, दोन्ही वेळा ती लाजून जास्तीचे पापड देऊन गेली. आणि आमच्या कारखान्याचा भोंगा धड कोमल गंधारात लागत नाही, धड शुद्ध गंधारात लागत नाही. मी तंबोऱ्यावर ताडून पाहिलं. यांना सांगितलं तर म्हणाले, भोंगा वेळ सांगायला असतो. या माणसाबरोबर मी संसार करते आहे.

रेडिओवर काय ऐकलं ते सांगायचं आहे, पण तिथेच माझा हात अडतो. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सारंगीवर मारवा लागला होता. वाजवणारा म्हातारा असावा. षड्जावर यायला इतका वेळ लावला की माझा जीव कासावीस झाला, आणि आला तेव्हा मी बसल्या जागी 'वा' म्हणाले. मग लगेच मनात आलं, हे शालनला कळवायचं, नाव न सांगता. आणि मग आठवलं की आता कुठल्या तोंडाने कळवणार.

नियम तुझाच होता. मी नव्यानं रेडिओ घेतला तेव्हा तू लिहिलं होतंस की आपण नावाला भुलतो. मोठं नाव असलं की साधी तानसुद्धा आपल्याला थोर वाटते, आणि नवखं नाव असलं की बरी गोष्टही कानाआड होते. तेव्हा पत्रात गाणाऱ्याचं नाव लिहायचंच नाही. जे कानावर पडलं ते लिहायचं, बरं ते बरं आणि वाईट ते वाईट, कुणाची भीडभाड नाही, आणि खाली लिहायचं, 'ओळख.' दुसरीनं ओळखून कळवायचं. कितीतरी वर्षं आपण हा खेळ खेळतो आहोत. तू फार कमी वेळा चुकलीस. मी बरेचदा चुकले, आणि चुकूनही हुज्जत घातली.

आता त्या जौनपुरीच्या पत्राकडे येते. मी काय लिहिलं होतं ते तुला पाठ असेल, मलाही आहे. सकाळी पुणे केंद्रावर एका बाईंची जौनपुरी झाली. षड्ज ठरत नाही. धैवत कोरडा. गळ्याला रोजची मेहनत नाही हे पहिल्या आलापात कळतं. घरकाम सांभाळून हौसेनं गाणाऱ्या बाईचं हे गाणं देवघरापुरतं ठीक आहे, रेडिओवर आणायचं कारण नव्हतं. आणि खाली नेहमीसारखं, 'ओळख.' तुझं उत्तर कार्डावर आलं. त्यावर एकच शब्द होता, 'ओळखलं.' कुणाचं नाव नव्हतं. त्यानंतर तुझं एकही अक्षर नाही.

मग मारुतराव आले. तुझ्या नवऱ्याला पुण्यात काही काम होतं, तिथून मुद्दाम गाडी पकडून ते पिंपरीला उतरले. मी त्यांना घडीच्या पोळ्या वाढल्या. आधी ते मिरजेच्या पावसाबद्दल बोलले, मग मुलांबद्दल, मग कढी छान झाली म्हणाले. त्यांना कढी आवडत नाही हे मला ठाऊक आहे. शेवटी हात धुऊन आल्यावर म्हणाले, 'इंदुताई, हिनं तंबोऱ्याला गवसणी घालून माळ्यावर टाकलाय.' मी विचारलं, का. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तू कुणाला न कळवता रेडिओची परीक्षा दिलीस, पडद्याआड बसून, आणि पास झालीस. पहिला कार्यक्रम जौनपुरीचा. आता रेडिओवाल्यांचं पुढचं बोलावणं आलं आहे आणि तू त्याला उत्तर देत नाहीस. महिनाअखेरपर्यंत होकार गेला नाही तर ते दुसऱ्या कुणाला बोलावतील, आणि पुन्हा तुला विचारतील याची खात्री नाही. मारुतरावांनी होकाराचा मजकूर स्वतः लिहून तुझ्यापुढे ठेवला, तर तू त्या कागदात मुलांसाठी शेंगा बांधून दिल्यास म्हणे.

मी त्यांना म्हटलं, शालननं मला एका शब्दानं कळवायचं होतं. पुण्यापर्यंत आली, इथून हाकेच्या अंतरावर, आणि मला पत्ता नाही! त्यावर ते जे म्हणाले ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागलेलं नाही. म्हणाले, 'ती म्हणायची, इंदूला आधी सांगितलं तर ती मैत्रिणीच्या कानानं ऐकेल. न सांगता ऐकून ती बरं म्हणाली, तर मी गायिका. नाहीतर नाही.' तू स्टुडिओत बसून दुसऱ्या कुणासाठी गातच नव्हतीस. सबंध पुणे केंद्राचे श्रोते सोडून तू माझ्या एकटीच्या कानावर सगळं ठेवलं होतंस.

मारुतराव भले गृहस्थ. माझा चेहरा पाहून त्यांनीच मला वाट काढून दिली. म्हणाले, तुम्हाला तरी काय कल्पना असणार, लग्नानंतर तुम्ही तिचं गाणं ऐकलंच कुठे, आवाज बदलतो माणसाचा. मी ती वाट लगेच धरली. म्हटलं, हो ना, त्या दिवशी रेडिओ लावायलाच उशीर झाला. चिखलीची कुशाबाई दूध घेऊन दारात उभी होती, ती सोडता सोडत नाही. तिचं नेहमीचंच, 'बाई, मापात बघून घ्या, मागून म्हनू नका पानी हाय.' तोवर आलाप सुरू झाला होता, नाव ऐकायचं राहूनच गेलं. आणि कार्यक्रम संपताना नाव पुन्हा सांगितलं तेव्हा नेमका भोंगा झाला. मारुतरावांनी मान डोलावली. 'मी तिला तसं सांगतो,' म्हणाले, आणि गाडीला गेले.

म्हणजे हे सगळं तुझ्यापर्यंत आधीच पोचलं असेल. तरीही तुझं पत्र आलं नाही, आणि का आलं नाही ते मला कळायला आठवडा लागला. मी न ओळखता ऐकलं, असं तुला सांगितलं गेलं. मग तर माझा अभिप्राय अगदी खरा ठरला! तुला हवा होता तस्साच, बिनभिडेचा, मैत्री मध्ये न आणता दिलेला. मी माझी कातडी वाचवायला जे सांगितलं, त्यानं तुझ्या तंबोऱ्याची गवसणी आणखी घट्ट बांधली गेली. आता मी म्हटलं की नाही गं, तू छान गायलीस, तर तू म्हणशील इंदू समजूत घालते आहे. आणि मी तुझ्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

रंगराव मास्तरांच्या घरची ती पुढची खोली तुला आठवते का गं, जिथे आपण दोघी एका सतरंजीवर बसून शिकायचो? मास्तर तुला 'कष्टाळू' म्हणायचे आणि मला 'गळ्याची'. मला त्या शब्दाची केवढी मिजास होती! तू एक पलटा घोटत राहायचीस आणि मी खिडकीत बसून चिंचा खात तुझ्याकडे बघायचे, कारण मला तो पहिल्यांदाच आलेला असायचा. मग लग्न झालं आणि मी गाणं सोडलं. लोकांना मी सांगते की बदल्या, मुलं, कॉलनीच्या पातळ भिंती. हे खरं नाही. यांनी मला नवा तंबोरा आणून दिला, तो मी भोंग्याचा स्वर ताडायला वापरते. आणि तू सासू, जावा, दीर, पाहुणे, सगळं खटलं सांभाळून पहाटे उठून मेहनत करत राहिलीस. तू ते पत्रात कधी लिहिलं नाहीस, पण मला ते जाणवायचं. तुझ्या पत्रात स्वरांबद्दल लिहिलेलं असायचं ते ऐकणाऱ्या बाईचं नव्हतं, गाणाऱ्या बाईचं होतं. मी त्याबद्दल तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तूही मला विचारलं असतंस.

शालन, रेडिओ मी वेळेवर लावला होता. कुशाबाई दूध घालून केव्हाच गेली होती. निवेदकानं तुझं नाव घेतलं ते मी ऐकलं, आणि ऐकलं नसतं तरी काही बिघडलं नसतं, कारण तू पहिला षड्ज लावलास तेव्हाच मी कणीक तिंबायची थांबले. हे गॅलरीत दाढी करत होते, तेसुद्धा अर्ध्या दाढीनिशी आत येऊन म्हणाले, 'ही शालन ना?' ज्या माणसाला भूप आणि भैरवीतला फरक कळत नाही त्यानं तुला ओळखलं. मी म्हटलं, असेल कुणी. षड्ज ठरलेला होता. इतका ठरलेला होता की मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. धैवत मास्तरांचा होता, तसाच हलका झुलणारा, मला तो कधी इतका बरा जमला नाही. मला न सांगता आलीस याचा राग होता हे खरं, पण तो निमित्ताला होता. तू चांगली गायलीस हे मला सहन झालं नाही, म्हणून त्याच दुपारी मी ते पत्र लिहिलं, जाणूनबुजून, आणि यांच्या हाती पोस्टात टाकायला दिलं. मारुतरावांपुढे मी उशिराची गोष्ट रचली तेव्हा हे समोरच चहा पीत होते. तेव्हापासून हे सकाळी रेडिओ लावत नाहीत, आणि मीही लावत नाही. म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती तू द्यावीस असं मला वाटतही नाही. तुला खरा अभिप्राय देणं लागते, तो घे. विलंबित अतिशय सुंदर. पंचमावर थांबलीस ती जागा मी अजून कुणाकडून ऐकलेली नाही. पण अंतरा घाईत उरकलास, घड्याळाकडे बघून गायल्यासारखा, आणि त्यामुळे शेवटच्या ताना उपऱ्या वाटल्या. पुढच्या वेळी आलाप थोडा आवर आणि अंतऱ्याला जागा ठेव. एवढाच दोष होता. तो मी तेव्हा लिहिला नाही, कारण तो खरा होता आणि तुझ्या कामाचा होता. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, शालन. रेडिओवाल्यांना दे.

अजून लिहू दिलंस तर तुझीच,
इंदू