वेसेल्सबाई काय म्हणाल्या

पापेनबुर्ग,
रविवार, २१ सप्टेंबर २०१४

प्रिय टिलो,

तुझं जाडजूड पाकीट शुक्रवारी मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण पत्रात तब्येतीबद्दल एक ओळ नव्हती. पण ज्या जोराने लिहिलं आहेस त्यावरून अंगात ताकद भरपूर दिसते.

इकडचं म्हणशील तर बाबांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. आज शिपयार्डातून नवं जहाज नदीत काढायचं होतं, अख्खं गाव बांधावर लोटलं. बाबा म्हणाले, "वर्षभर त्याच्या पोटात वाकून वेल्डिंग केलं, आता त्याची पाठ बघायला उभा राहू काय?" आणि दहा मिनिटांनी टोपी घालून गुपचूप निघाले. अजून आलेले नाहीत. आमच्या ग्रीनहाऊसमध्ये काकड्या संपत आल्या. मला सध्या बेसिलच्या कुंड्या भरायच्या कामावर लावलंय. कितीही साबण लाव, हाताचा वास जात नाही. कालचं सूपसुद्धा त्याच वासाचं लागलं म्हणे.

तुझा राग मला कळतो. तुझ्यापेक्षा जरा जास्तच कळतो. बारावी पास होऊन तीन वर्षं झाली आणि पोरगं अजून गोदामात खोकी उचलतंय, हे कुठल्या आईला आवडेल? त्यातून तुझं मन कधी दुसऱ्या कशाकडे गेलं नाही. बारा वर्षांचा असताना तू फाटकापाशी भोपळे मांडून बसायचास आणि पावसाच्या दिवशी भाव उतरवायचास. तेव्हाच बाबा म्हणाले होते, "हा माझ्यासारखा हातोडा धरणार नाही, हा धंद्याचं शिकेल." आणि त्या एका शिक्षणाच्या दारात तुला अडवलं कशाने, तर बारावीच्या २.७ ने. आकडा एकाच्या जितका जवळ तितका चांगला हे मलाही कळतं, पण माझ्या काळी २.७ वाला पोरगा म्हणजे घरात केक कापायचे.

मला तर ती रेषा मुळातच पटत नाही. समोरच्या लुडविगांच्या इंकेला १.४ पडले, ती डोळे मिटून आत गेली. तिच्याबद्दल तक्रार नाही, पोरगी कष्टाळू आहे. पण ही रेषा आधी कुणी सांगत नाही. अर्ज सगळ्यांचे घेतात, वरून एकेक आत सोडतात, जागा संपल्या की शेवटच्या पोराचे गुण बघतात आणि त्याला म्हणतात सीमा. म्हणजे उडी मारून झाल्यावर दोरी किती उंच होती ते कळतं. तुमच्या वर्षी तर सरकारने बारावी आणि तेरावी अशा दोन वर्षांची पोरं एकदमच बाहेर काढली, वर त्याच उन्हाळ्यात सक्तीचं सैन्यही बंद केलं. सगळा लोंढा एका दारावर. दोरी गेली २.२ वर. एरवी २.७ ला निदान मागाहून रिकाम्या राहिलेल्या जागेवर तरी बोलावलं असतं.

असो. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

तू पाठवलेला कागद वाचला. 'मी, आनेग्रेट रोल्फेस, शपथेवर सांगते की प्रवेश कार्यालयाच्या वेसेल्सबाईंनी मला फोनवर...' माझं नाव एवढ्या थाटात मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्या विद्यार्थी संघाच्या वकिलाने मजकूर चांगला जुळवलाय. शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडायला हवा, हेही लक्षात आहे. पेन घेऊन बसले होते, तेवढ्यात बटाटे उतू गेले. सही उद्या करते.

मंगळवार, संध्याकाळ

टिलो, पत्र तिथेच सोडलं होतं. 'उद्या करते' हे मी लिहिलं तेव्हाच मला माहीत होतं की करणार नाही. बटाटेही उतू गेले नव्हते.

आता सरळ सांगते. हे वाचताना बसलेला असशील तर बरं.

ऑगस्ट २०११. तू बोर्कुम बेटावर हॉटेलात भांडी घासत होतास आणि नकाराचं पत्र इथे घरी आलं. मी तुला फोनवर वाचून दाखवलं. तू म्हणालास, "थांबू या आई. काही जागा थांबलेल्यांसाठी असतात. यंदा सहा सत्रं, म्हणजे तीन वर्षं, थांबलेल्यांना मिळाल्यात." तू शहाण्यासारखं बोलत होतास. नसती अक्कल मी चालवली. मी म्हटलं, नुसतं थांबून काय करणार? ज्या विषयाला कुणी जात नाही त्याला नाव घाल. विद्यार्थ्याचं कार्ड मिळेल, बस-ट्रेनने फुकट फिरशील, लोक विचारतील तर सांगता येईल की पोरगा युनिव्हर्सिटीत आहे. हे शेवटचं मला हवं होतं. चर्चबाहेर कुणी विचारलं की मला काहीतरी सांगायला हवं होतं.

डच तूच निवडलंस. बाबा म्हणाले, "डचला युनिव्हर्सिटी कशाला? शनिवारी सीमेपलीकडे हॉलंडात चीज आणायला चल, दोन तासांत येईल." आपण सगळे हसलो. पण तू एक गोष्ट विचारली होतीस. "आई, दुसरीकडे नाव घातलं तर थांबण्याची सत्रं बुडत नाहीत ना? मला इथून फोनला सवड नाही, तू ऑफिसात विचार."

मी फोन केला, इतपत खरं आहे. ग्रीनहाऊसच्या मागे, जेवणाच्या सुट्टीत. विचारायचं वाक्य एका पुठ्ठ्यावर लिहून घेतलं होतं, म्हणजे अडखळायला नको. पलीकडून आवाज आला, "प्रवेश कार्यालय, वेसेल्स." मी गप्प. "हं, बोला?" आणि मी फोन ठेवून दिला.

त्या बाई वाईट बोलल्या नाहीत. काहीच बोलल्या नाहीत. मी चौथीत असताना आमच्या शिक्षिकेने तुझ्या आजीला सांगितलं होतं, "हिला साधी शाळाच पुरे, पुढचं हिला झेपायचं नाही." मी दारात उभी होते. तेव्हापासून टेबलामागचा आवाज ऐकला की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. हे सांगून मला सूट नको आहे. तुझ्यासाठी एवढं कुलूप उघडायला हवं होतं आणि मी ते उघडलं नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. "विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"काही हरकत नाही म्हणाल्या. सत्रं मोजतात."

"कोण म्हणालं?"

"वेसेल्स म्हणून बाई आहेत."

नाव खरं होतं, म्हणून तुला सगळंच खरं वाटलं. खरं सांगू, काही दिवसांनी मलाही तसंच वाटायला लागलं. मी मनाशी म्हणायचे, विचारलं असतं तरी हेच म्हणाल्या असत्या.

टिलो, तुझी सहा सत्रं त्यांनी शून्य धरली ती नियमानेच धरली. जो कुठेही नाव घालत नाही त्याचंच थांबणं मोजतात. तीन वर्षं तू खोकी उचललीस, डचच्या एकाही तासाला बसला नाहीस, आणि कागदावर तू थांबलाच नव्हतास.

गेल्या महिन्यात तुझ्या नव्या अर्जालाही नकार आला तेव्हा तू वेसेल्सबाईंवर उलटलास, तेव्हाच बोलायला हवं होतं. मला वाटलं, तक्रार करेल, उत्तर येणार नाही, विषय मिटेल. पण मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, "आई, बाईंकडून लेखी खुलासा मागितलाय. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत म्हणे. बसू दे घाम पुसत." आणि हसलास. तुझं असं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. ते तुला मी शिकवलं, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

काल जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवला. मला वाटलं, आता पातेली आपटणार. त्यांनी ताट फक्त बाजूला सारलं. मग म्हणाले, "सही करायची नाही. आणि उद्या रजा टाक." गुडघा दुखत असताना सकाळी स्टेशनपर्यंत आले. वाटेत एवढंच म्हणाले, "तिथे फोन नाहीये, ठेवून देता येणार नाही. बोल."

तर आज मी तुझ्या शहरात होते. तिसऱ्या मजल्यावर नंबर घेऊन बसले. माझ्या आजूबाजूला सगळी तुझ्या वयाची पोरं, प्रत्येकाच्या हातात नकाराचं तेच राखाडी पाकीट. एक मुलगी आपल्या गुणांची पुन्हा पुन्हा बेरीज करून बघत होती, जणू बेरीज बदलणार होती.

वेसेल्सबाई बारीक आहेत, माझ्याहून थोड्या मोठ्या. मी म्हटलं, "मी टिलो रोल्फेसची आई."

त्यांनी चष्मा काढला. "फोनवाल्या."

"हो. पण तो फोन झालाच नाही. तुम्ही नाव सांगितलंत आणि मी ठेवून दिला. बाकीचं मी घरी रचलं."

त्या ओरडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तीन आठवडे मी आठवतेय. सव्वीस वर्षं इथे आहे, कुणालाही असं सांगितलेलं नाही. पण तुमच्या मुलाने इतकं ठासून लिहिलं की मलाच वाटायला लागलं, एखाद्या दिवशी थकून बोलूनही गेले असेन. खुलाशात मी काय लिहिलं माहितेय? 'नक्की आठवत नाही.'"

मला तोंड वर करवेना. दिलगीर आहे म्हटलं, पण ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"रोज कितीतरी जण फोन ठेवून देतात," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं लाइन खराब आहे." मग चष्मा पुन्हा लावत, "विचारलं असतंत तर एका वाक्याचं उत्तर होतं हो बाई. कुठेही नाव घालू नका, थांबा. बस."

टिलो, त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तुझ्या वकिलाच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी माझ्या हाताने खरं काय घडलं ते लिहिलं, खाली सही केली आणि तो त्यांच्याकडे दिला. तेव्हा शुक्रवारची वाट बघू नकोस. तुझी तक्रार यात संपली. तू चिडशील. चीड. पण माझ्यावर, त्यांच्यावर नाही.

मग मी विचारलं, आता काय करता येईल. पुठ्ठ्यावर लिहून नेलं नव्हतं, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, तीस तारखेच्या आत डचमधून नाव काढून घ्या, म्हणजे येणारं सत्र थांबण्याचं पहिलं सत्र धरलं जाईल. मागचं गेलं ते गेलं. "म्हणजे सहा सत्रांनी जागा मिळेल?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. तोवर रेषा कुठे जाईल हे कुणालाच माहीत नसतं." तू तेव्हा पंचविशीचा असशील. बाबा म्हणतात, शिपयार्डच्या हिशेब खात्यात शिकाऊ पोरं घेतात, पगार देऊन शिकवतात. तू त्यावर काय म्हणशील हे मला ठाऊक आहे, म्हणून फक्त कानावर घालते. ठरव तू. या घरातून तुझ्या वतीने पुन्हा कुणी काही ठरवणार नाही.

परतीच्या गाडीला अवकाश होता. तुझ्या गल्लीत आले होते. तुझी सायकल दारात होती, म्हणजे घरीच होतास. बेल वाजवली नाही. तुझा चेहरा समोर आला असता तर मी पुन्हा काहीतरी गोड रचून सांगितलं असतं, हे मला माझ्याबद्दल आता कळलं आहे. लिहिताना तसं करता येत नाही, निदान आज करता आलं नाही.

तीन वर्षं, टिलो. माझ्यामुळे. मी माफ कर म्हणणार नाही, तू ते पटकन म्हणून टाकशील आणि आत धुमसत राहशील. हवं तेवढे दिवस फोन करू नकोस.

फक्त तीस तारीख चुकवू नकोस. आणि हे तुला माझ्याकडून कळतंय, तेव्हा यावर भरवसा ठेवू नकोस. स्वतः जा. तिसरा मजला, डावीकडची दुसरी खोली. वेसेल्सबाईंची आधी माफी माग, आणि मग त्यांनाच विचार की मी वर लिहिलंय ते त्या खरंच म्हणाल्या का.

तुझी,
या वेळी खरोखर विचारून आलेली,
आई