फिरंग्यांची बोंब आणि बांद्याचं गाऱ्हाणं

४ जानेवारी, बांदा
ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेचं पत्रक हातात पडलं. मी दिलेला विषय : एका पोर्तुगीज गॉथिक मेटल बँडचा बदलत गेलेला आवाज. छापलंय : 'संगीत आणि संस्कार'. अण्णांना फोन लावला. ग्रंथालयाचे अध्यक्ष तेच, देवळातले मानकरी तेच, देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालणारेही तेच.
"गो ताई, तेंनी आमची देवळां मोडली आणि तू तेंची आरती ओवाळतलंस?"
मोडणारे मरून शतकं झाली. ही पोरं स्वतःच्याच पाद्र्यांवर गुरगुरत मोठी झाली. सगळं सांगितलं.
"बरां बरां. पण ती बोंब वाजवू नको."
एरवी वाघीण म्हणून मिरवतात मला. डरकाळी मात्र त्यांनी दाखवलेल्या दिशेलाच हवी.

६ जाने.
टिपणं.
पहिला अल्बम : दादाने आणलेली कॅसेट, दोडामार्गहून रोज गोव्यात कामाला जायचा तेव्हाची. गाण्याच्या जागी नुसती गुरगुर. मधेच सगळं थांबून एका बाईचा उसासा.
दुसरा : गायक गुरगुर खाली ठेवतो, खोल आवाजात जवळजवळ बोलतो. इथेच मी कायमची अडकले.
चौथा : वाद्यांच्या जागी यंत्रं, ठोके. इतकी संतापले की कित्येक वर्षं त्यांचं काही ऐकलं नाही. मग ते परत आले, पहिल्याहून जड होऊन. मग अख्खा अल्बम पोर्तुगीजमध्ये. इंग्रजी सोडली तरी जगाने ऐकलंच. आणि आमचे प्राध्यापक वर्गात एक मालवणी वाक्य उच्चारायला लाजतात!
आता ऑर्केस्ट्रा. व्हायोलिनं. गुरगुर उरलीय एका गाण्यात, तीही एकाच ओळीला. भित्रे!
(रात्री जेवून परत ऐकलं. भित्रे नसतील. राखून ठेवली असेल. तरी राग आहेच.)

११ जाने.
सभागृह भरलेलं. कॉलेजची पोरं पुढे. आपल्याकडे नारळ आणि गाऱ्हाणं झाल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलत नाही. अण्णा उभे राहिले.
"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां हयसर जमली हत म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"ही ताई आज बोलतली, तिका यश दी म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आणि त्या फिरंग्यांची बोंब आमच्या पोरांच्या कानार पडाक देऊ नको म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
सगळ्यात मोठा आवाज माझा. लहानपणापासूनची सवय, 'म्हाराजा' कानावर आलं की तोंड उघडतंच. अण्णा नारळ हातात धरून माझ्याकडे बघून हसले. मागून कुणीतरी, "झाला! देवासमोर कबूल केल्यान!"
स्पीकर बंद ठेवला. पहिला अल्बम शब्दांनी सांगायला गेले, पोरं जांभया द्यायला लागली. गुरगुर शब्दांत कशी सांगणार? डोकं तापलं. देवाला कबूल केलंय ते फिरंग्यांच्या बोंबेबद्दल. माझ्या नाही.
माईक धरला आणि गुरगुरले. पहिल्या गाण्याचं अख्खं कडवं, बेंबीच्या देठापासून.
पोरं उभी राहिली. एक म्हातारी, "अगो बाय माझे, दशावतारातलो राकस!" टाळ्या, शिट्ट्या. अण्णांनी मेन स्विच पाडला.
दुसऱ्या अल्बमपर्यंतच पोचले. यंत्रांपासून ऑर्केस्ट्रापर्यंतचं सगळं पोटात राहिलं.

१२ जाने.
आवाज गेला. डॉक्टर : बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही.
अण्णा दारात. "शब्द मोडलंस गो."
कागदावर लिहून दाखवलं, 'फिरंगी नव्हते. मीच होते.'
"तू वकील जावक होया होतंस!" हसले. मग बसून गंभीर झाले. मंडळींनी ठरवलंय, कौल लावायचा. देवाच्या अंगावर कळ्या लावतात. उजवीकडची आधी पडली तर मी उरलेलं व्याख्यान द्यायचं. डावी पडली तर ग्रंथालयाच्या मंचावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.
कौलाचं गाऱ्हाणं कोण घालणार? अण्णाच!
आरोप त्यांचा, देवापुढे बाजू मांडणारेही तेच. आणि मला तोंड उघडायची बंदी. भांडी आपटली. त्याला आवाज लागत नाही.

१५ जाने.
पोरं येऊन गेली. पुढचे अल्बम ऐकवा म्हणाली. नाही म्हटलं, मानेनेच. चोरून कशाला? मंचावरच ऐकवीन.
ऑर्केस्ट्रावालं गाणं पुन्हा लावलं. ती एक ओळ. पन्नाशीतल्या गायकाचा घसा रोज गुरगुरू शकत नाही, हे आता माझ्या घशाला कळतंय.

१८ जाने.
संध्याकाळी कौल. घशातून खरखर निघते, थोडीशी. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.
अण्णा गाऱ्हाण्यात काय घुसवतील, देव जाणे. गाव 'व्हय' म्हणेलच. या वेळी वाक्य संपेपर्यंत ओठ मिटून ऐकायचं. 'नाय म्हाराजा' असं त्या देवळात कुणी ओरडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.
सकाळपासून चहाही न बोलता मागतेय. एका शब्दापुरता घसा राखून ठेवलाय.